जनरलसाहेब खुर्चीवर आले कुठल्या वाटेने?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेत ड्वाइट आयझेनहॉवर हा जनरल राष्ट्राध्यक्ष झाला आणि आठ वर्षं कारभार करून निमूट घरी गेला. पाकिस्तानात अयुबखान हाही जनरलच. तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि तिथली लोकशाही जी आडवी पडली ती पुन्हा धड उभी राहिली नाही. दोघं एकाच काळातले, दोघंही पेशाने सैनिक. मग फरक माणसाचा म्हणायचा की देशाचा? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की आपल्याकडे निवृत्त लष्करप्रमुखांनी राजकारणात उतरावं का, की कायद्यानेच ते दार बंद करावं.

मी संरक्षणशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. वर्गात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं असतात, तसे फौजेतून निवृत्त होऊन राहिलेलं शिक्षण पुरं करायला आलेले सुभेदारसाहेबही असतात. विषय निघाला की ‘पाच वर्षं लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ येतील’ असं म्हणणारा कुणीतरी हमखास निघतो, आणि तो बहुतेक वेळा फौजेबाहेरचा असतो. सुभेदारसाहेब नुसते हसतात. पलटणीत हुकूम चालतो, कारण तो मानायची शपथ सगळ्यांनी आधीच घेतलेली असते, हे त्यांना ठाऊक असतं. मंडईतल्या भाजीवाल्याने, साखर कारखान्याच्या चेअरमनने किंवा विरोधी पक्षाच्या आमदाराने तशी शपथ घेतलेली नसते.

उलट बाजूही तितकीच घाईची असते. ‘वर्दीवाला आला की हुकूमशाही आलीच’ म्हणणाऱ्यांना वॉशिंग्टन, जॅक्सन, टेलर, ग्रँट ही नावं सांगितली की ते जरा थबकतात. हे सगळे सेनापती होते, सगळे राष्ट्राध्यक्ष झाले. ग्रँटच्या कारकिर्दीत भ्रष्टाचार बोकाळला हे खरं, पण बंड कुणी केलं नाही. दोन्ही बाजूंचे लोक उत्तर शोधतात ते माणसाच्या स्वभावात. स्वभाव आधी कळत नाही, कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. तारखा आणि कागद मात्र आधी कळतात. म्हणून मी मुलांना चरित्रं बाजूला ठेवायला सांगतो आणि तीन गोष्टी काढून आणायला लावतो. पद मिळालं त्या दिवशी तो नोकरीत होता का? तिथवर पोचेपर्यंत त्याला ‘नाही’ म्हणायची संधी कुणाकुणाला मिळाली? आणि एकदा बसल्यावर त्याला उठवू शकणारं कुणी होतं का?

देशाच्या अवस्थेवर पुष्कळ काही अवलंबून असतं, हेही सांगून ठेवतो. १९४७ ते १९५८ या अकरा वर्षांत पाकिस्तानात सात पंतप्रधान झाले आणि देशभराची एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नाही. जिथे मतपेटीच आलेली नाही तिथे जनरलने मतदारांपुढे जावं असं म्हणण्यात अर्थ नाही. पण सगळं खापर देशाच्या नशिबावर फोडायलाही मी तयार नसतो. भारताची आणि पाकिस्तानची फौज एकाच ब्रिटिश मुशीतून निघालेली, अधिकारी एकाच मेसमध्ये जेवलेले. तरी दिल्लीत सरसेनापतीचा भला थोरला बंगला, म्हणजे आजचं तीन मूर्ती भवन, स्वातंत्र्यानंतर पंतप्रधानांच्या वाट्याला आला, आणि १९५५ साली सरसेनापती हे पदच जाऊन तिन्ही दलांचे तीन समान प्रमुख झाले. हे आपोआप घडलं नाही, कुणीतरी ठरवून केलं. देश म्हणजे अशा ठरवून केलेल्या गोष्टींचीही बेरीज असते.

आता आयझेनहॉवरकडे वळू. त्याच्यावर जरा जास्त वेळ घालवतो, कारण त्याच्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा तारखेसकट दिसतो.

युरोपातलं युद्ध जिंकून परतलेला हा माणूस अमेरिकेत इतका लोकप्रिय होता की दोन्ही पक्षांना तो हवा होता, आणि त्याचा स्वतःचा पक्ष कोणता हे कुणालाच माहीत नव्हतं. १९४८ च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरमधल्या लेनर्ड फाइंडर नावाच्या वृत्तपत्र प्रकाशकाने राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचं नाव पुढे केलं. आयझेनहॉवरने पत्र लिहून नकार कळवला. ते पत्र मी वर्गात नेहमी काढतो. त्यातला मुद्दा असा: लष्कराने मुलकी सत्तेच्या हाताखाली राहणं गरजेचंही आहे आणि शहाणपणाचंही, आणि जन्मभर सैनिकी पेशात राहिलेली माणसं, तसंच काही उघड आणि मोठं कारण नसेल तर, वरच्या राजकीय पदांपासून लांब राहिली तरच ही व्यवस्था उत्तम टिकते. ‘तसंच काही मोठं कारण नसेल तर’ हा तुकडा मुलं वाचताना सोडून देतात. चार वर्षांनी आयझेनहॉवर नेमका त्याच फटीतून आत आला.

ते मोठं कारण काय होतं? १९५१ साली तो पुन्हा वर्दीत होता. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने त्याला नव्या नाटो फौजांचा सेनापती करून पॅरिसला पाठवलं होतं. रिपब्लिकन पक्षात तेव्हा सिनेटर रॉबर्ट टॅफ्टचं वजन होतं आणि युरोपच्या संरक्षणात अमेरिकेने किती अडकावं याबद्दल टॅफ्ट साशंक होता. आयझेनहॉवरने पुढे सांगितलेली हकिकत अशी की त्या वर्षाच्या सुरुवातीला तो टॅफ्टला पेंटॅगॉनमध्ये भेटला, आणि भेटीआधी ‘मी राजकारणात येणार नाही’ असं निवेदन लिहून तयार ठेवलं होतं. टॅफ्टने सामूहिक संरक्षणाला शब्द दिला असता तर ते प्रसिद्ध करायचं होतं. टॅफ्टने शब्द दिला नाही. निवेदन फाडून टाकण्यात आलं. ही त्याची स्वतःची बाजू आहे हे लक्षात ठेवून वाचावं. महत्त्वाकांक्षेला तत्त्वाची शाल पांघरायला कुणालाच त्रास पडत नाही. पण त्याच्या पुढच्या धोरणाशी ही हकिकत जुळते, म्हणून मी ती मानतो.

६ जानेवारी १९५२ ला सिनेटर हेन्री कॅबट लॉजने जाहीर केलं की जनरल रिपब्लिकन आहे आणि न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणाऱ्या मतदानात, त्याचं नाव जाईल. आयझेनहॉवरने पॅरिसहून उत्तर दिलं ते असं: उमेदवारी मागायला मी हे काम सोडणार नाही, पण पक्षाने बोलावलं तर तो कर्तव्याचा भाग मानीन. लष्कराच्या नियमांप्रमाणे वर्दीत असताना प्रचार करता येत नव्हता, तो त्याने केलाही नाही. प्रचार दुसऱ्यांनी केला. फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मध्यरात्री त्याच्या समर्थकांची प्रचंड सभा झाली, तिचं चित्रीकरण झालं, आणि जॅकलिन कॉक्रन ही नामांकित वैमानिक ते घेऊन पॅरिसला गेली आणि जनरलला ते दाखवलं. त्याचा निश्चय डळमळला तो तिथे, असं मानलं जातं. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायर त्याने परदेशात बसून जिंकलं. आठवड्याभराने मिनेसोटात मतपत्रिकेवर त्याचं नावही नव्हतं, तरी लाखाहून जास्त लोकांनी ते हाताने लिहून मत दिलं.

आयझेनहॉवरचे भक्त जे बोलायचं टाळतात ते इथे बोलायला हवं. जानेवारी ते मे १९५२ हे पाच महिने चांगले नव्हते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने नेमलेला सेनापती कामावर हजर आणि त्याचं नाव विरोधी पक्षाच्या उमेदवारांत. ट्रुमनने आरडाओरडा केला नाही म्हणून ते निभावलं. ज्या पत्रात त्याने मुलकी सत्तेबद्दल ते सगळं लिहिलं होतं, त्या पत्राच्या कसोटीवर हे पाच महिने उतरत नाहीत. मी परीक्षक असतो तर इथे त्याचे गुण कापले असते.

जूनच्या आरंभी मात्र तो नाटोचं काम सोडून मायदेशी आला आणि कॅन्सासमधल्या ॲबिलीन या आपल्या गावी भर पावसात पहिलं राजकीय भाषण केलं. भाषण बेताचंच झालं. जुलैत शिकागोला पक्षाचं अधिवेशन भरलं. उमेदवारीला ६०४ मतं लागत होती. पहिली मोजणी झाली तेव्हा आयझेनहॉवरला ५९५, टॅफ्टला ५००. नऊ मतं कमी! मिनेसोटाच्या प्रतिनिधींनी आपली मतं वळवली तेव्हा कुठे गाडा पुढे सरकला. म्हणजे हिटलरला हरवणारा सेनापती स्वतःच्या पक्षात जेमतेम पार पडला. याला मी फार महत्त्व देतो. त्या सभागृहात त्याचा हुकूम मानायला बांधलेलं कुणी नव्हतं.

त्याच अधिवेशनात डग्लस मॅकआर्थरही होता. आयझेनहॉवर एकेकाळी फिलिपाइन्समध्ये याच्याच हाताखाली होता. १९५१ च्या एप्रिलमध्ये कोरियातल्या युद्धावरून जाहीर मतभेद केल्याबद्दल ट्रुमनने मॅकआर्थरला काढून टाकलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्याच्या स्वागताला लाखो माणसं लोटली होती. अनेकांना वाटलं, हाच पुढचा राष्ट्राध्यक्ष. वर्षभराने शिकागोत त्याने बीजभाषण केलं, ते पडलं, आणि पहिल्या मोजणीत त्याला मिळाली १० मतं. मिरवणुकीतली गर्दी मतांत उतरतेच असं नाही, हे आपल्याकडच्या उमेदवारांना वेगळं सांगायला नको. पण मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. अमेरिकेला अतिशय लोकप्रिय आणि अतिशय हट्टी असे दोन्ही जनरल एकाच वर्षी उपलब्ध होते, आणि चाळणी काम करत असल्याने हट्टी माणूस चाळणीतच अडकला.

उमेदवारी मिळाल्यावर आयझेनहॉवरने सैन्याच्या हुद्द्याचा राजीनामा दिला. पाच ताऱ्यांचा जनरल तिथे तांत्रिकदृष्ट्या निवृत्त होत नाही, पगार तहहयात चालू राहतो. तो सगळा मान आणि पगार त्याने निवडणुकीआधी सोडला, जिंकल्यावर नव्हे. हुद्दा त्याला परत मिळाला तो १९६१ च्या मार्चमध्ये, पद सोडल्यावर, खास कायदा करून. मधली आठ वर्षं व्हाइट हाउसमध्ये बसलेला माणूस कागदोपत्री नागरिक होता.

खुर्चीवर बसल्यावर काय होईल, याबद्दल ट्रुमनने आधीच भविष्य वर्तवलं होतं: बिचारा आइक (आयझेनहॉवरचं लाडकं नाव) इथे बसून ‘हे करा, ते करा’ म्हणेल आणि काहीच होणार नाही, हे लष्करासारखं नसतं. हे वाक्य फार प्रसिद्ध आहे आणि अर्धंच खरं आहे. कारण आयझेनहॉवर हा मुळात हुकूम सोडणारा सेनापती नव्हताच. दुसऱ्या महायुद्धाआधी त्याने रणांगणावर एक तुकडीही लढवली नव्हती. त्याचं युद्धातलं खरं काम चर्चिल, ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी आणि फ्रेंचांचा नेता जनरल द गॉल यांना एका दिशेने चालवायचं होतं, आणि माँटगोमेरी सोडला तर यातला एकही त्याचं ऐकायला बांधलेला नव्हता. म्हणून कुणी मला ‘अमुक जनरल चांगला राज्यकर्ता होईल का’ असं विचारलं की मी उलट विचारतो, त्यांनी नोकरीत कुठली माणसं सांभाळली? फक्त हाताखालची, की बरोबरीची आणि वरचीही?

पण ट्रुमनचं जे अर्धं खरं होतं ते ऑक्टोबर १९५२ मध्येच दिसलं. महायुद्धातला भूदलप्रमुख जॉर्ज मार्शल याने आयझेनहॉवरला हात धरून वर आणलं होतं. सिनेटर मॅकार्थी त्याच मार्शलवर देशाविरुद्धच्या कटाचे आरोप करत होता. विस्कॉन्सिन या मॅकार्थीच्या राज्यात प्रचाराला जाताना आयझेनहॉवरच्या भाषणात मार्शलच्या बाजूने एक परिच्छेद होता. स्थानिक पुढाऱ्यांनी दबाव आणला, परिच्छेद गळला, आणि मसुदा आधी पाहिलेल्या पत्रकारांनी तो गळल्याचं छापलं. रणांगणावर ज्याची छाती कधी दडपली नाही, त्याची एका राज्याच्या मतांच्या हिशेबापुढे दडपली. फौजी माणूस राजकारणात स्वच्छताच आणतो असं मानणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगतो.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते जनरलला खुर्चीवर बसवण्याचा एकमेव भरवशाचा फायदा. त्याला जनरल लोक घाबरवू शकत नाहीत. साध्या नागरिक पंतप्रधानासमोर चार पदकवाले अधिकारी नकाशा पसरून बसले की त्याची पंचाईत होते. नाही म्हणावं तर उद्या देशाच्या सुरक्षेशी खेळल्याचा ठपका. आयझेनहॉवरला तो नकाशा पाठ होता. कोरियातली शस्त्रसंधी त्याने जुलै १९५३ मध्ये केली. डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षाने त्याच अटींवर केली असती तर शरणागती म्हणून त्याला झोडपलं असतं. १९५४ मध्ये व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूला फ्रेंच अडकले तेव्हा अमेरिकेने बॉम्बफेक करावी असा आग्रह त्याच्याच संयुक्त सेनाप्रमुखांच्या अध्यक्षाचा होता. त्याने मित्रदेश आणि काँग्रेस (तिथली संसद) बरोबर असल्याशिवाय जायचं नाही अशी अट घातली आणि प्रकरण तिथेच थंड झालं. खुद्द पायदळालाच त्याने कात्री लावली: १९५३ मध्ये १५ लाखांच्या आसपास असलेलं अमेरिकेचं भूदल १९६० पर्यंत ९ लाखांच्या आत आलं. भूदलप्रमुख रिजवेने विरोध केला आणि १९५५ मध्ये तो निवृत्त झाला. १७ जानेवारी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या साट्यालोट्याबद्दल त्याने दिलेला इशारा सगळ्यांना माहीत असतो. मला त्याआधीची ही आठ वर्षांची कात्री जास्त महत्त्वाची वाटते.

अयुबखानाला तेच तीन प्रश्न लावले की फार वेळ लागत नाही. जानेवारी १९५१ मध्ये तो पाकिस्तानी फौजेचा पहिला पाकिस्तानी सरसेनापती झाला. ऑक्टोबर १९५४ मध्ये तो संरक्षणमंत्रीही झाला, आणि सरसेनापती राहिलाच. या एका ओळीवर मी वर्गात थांबतो. सेनापतीने ज्या मंत्र्याला जाब द्यायचा, तो मंत्री तोच. मार्शल लॉ चार वर्षांनी आला, पण भिंत पडली ती तेव्हा, आणि ती पाडणारे मुलकी पुढारी होते. त्यांना सरकार टिकवायला फौजेचा टेकू हवा होता. सेनापतीपदाला मुदतवाढ मिळत राहिली. ७ ऑक्टोबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झाने अडीच वर्षांची राज्यघटना रद्द करून अयुबला मार्शल लॉ प्रशासक नेमलं. वीस दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, अयुबने मिर्झालाच बाजूला केलं आणि लंडनला धाडलं. निवडणुका पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला व्हायच्या होत्या.

त्याला ‘नाही’ म्हणायची संधी कुणाला मिळाली? फेब्रुवारी १९६० मध्ये ८०,००० ‘मूलभूत लोकशाही’ सदस्यांनी, म्हणजे त्याच्याच योजनेतून निवडलेल्या स्थानिक प्रतिनिधींनी, त्याच्यावर विश्वास दाखवला, पण तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष होऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि समोर दुसरं नावच नव्हतं. मधल्या काळात तो फील्ड मार्शलही झाला. आयझेनहॉवरने पद घेण्याआधी तारे उतरवले, अयुबने पद घेतल्यावर वाढवले. आणि उठवणारं कोण होतं? १९६२ ची घटना त्याने स्वतः दिलेली. तिच्याप्रमाणे राष्ट्राध्यक्ष गेला तर कारभार नॅशनल असेंब्लीच्या सभापतीकडे जायचा. मार्च १९६९ मध्ये जायची वेळ आली तेव्हा त्याने तो दिला सरसेनापती याह्याखानाकडे. ज्या दाराने आला त्याच दाराने पुढच्यालाही आत घेतलं.

एक गोष्ट न सांगता राहवत नाही. डिसेंबर १९५९ मध्ये आयझेनहॉवर आशियाच्या दौऱ्यावर होता. दिल्लीला येण्याआधी तो कराचीत थांबला आणि अयुबबरोबर पाकिस्तान-ऑस्ट्रेलिया कसोटी बघायला बसला. पाकिस्तानने त्या दिवशी दिवसभरात १०४ धावा काढल्या. क्रिकेट न कळणाऱ्या पाहुण्यावर काय वेळ आली असेल! गमतीचा भाग सोडा. पाकिस्तानी फौजेला शस्त्रं आणि पैसा आयझेनहॉवरच्याच सरकारने पुरवला, आणि १९५३ मध्ये इराणचं निवडून आलेलं सरकार उलथवण्यातही त्याच्या सरकारचा हात होता. स्वतःच्या देशात मुलकी सत्तेची बूज राखणारा सेनापती दुसऱ्यांच्या देशातही ती राखेल, हा समज बाळगू नका.

सगळी उदाहरणं अशी काळीपांढरी नसतात. द गॉलचं घ्या. १९४६ च्या जानेवारीत तो सत्ता सोडून गेला, बारा वर्षं बाहेर राहिला. १९५८ च्या मेमध्ये, तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीयर्समधल्या फ्रेंच सेनापतींनी बंडाची भाषा केली आणि त्यांना द गॉलच हवा होता. १ जूनला संसदेने त्याला ३२९ विरुद्ध २२४ मतांनी पंतप्रधान केलं. मतदान झालं हे खरं, पण पॅरिसवर छत्रीधारी सैनिक उतरतील या धास्तीत झालं. माझ्या पहिल्या दोन प्रश्नांवर तो काठावर सुटतो. तिसऱ्यावर मात्र पूर्ण गुण: १९६१ मध्ये ज्यांच्यामुळे आला त्यांतल्याच काही सेनापतींनी केलेलं बंड त्याने मोडलं, आणि एप्रिल १९६९ मध्ये सार्वमत हरताच दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्याआधी महिनाभरच अयुबने याह्याला किल्ल्या दिल्या होत्या.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: फरक थोडा माणसाचा, बराचसा देशाचा, आणि सगळ्यात जास्त वाटेचा. हुकूम देण्याची ताकद आधी सुटली आणि राज्य करण्याची ताकद नंतर मिळाली, तर मधल्या मोकळ्या जागेत लोक त्याला नाकारू शकतात. दोन्ही एका हातात एकाच वेळी असतील तर माणूस कितीही सज्जन असो, मला झोप लागणार नाही.

आपल्याकडे ती मोकळी जागा आहे, आणि तिच्यात बडी नावं आपटलीही आहेत. भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९५३ मध्ये निवृत्त झाले, आणि १९७१ ची लोकसभा त्यांनी ईशान्य मुंबईतून लढवली. एवढा मोठा माणूस, पण पडले. इंदिरा गांधींच्या लाटेत मतदारांनी सरसेनापतीचं मोठेपण मान्य करून मत दुसरीकडे टाकलं. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकसभेत, वाजपेयींच्या काळात महामार्गांच्या खात्याचे मंत्री, मग उत्तराखंडचे मुख्यमंत्री. आणि २०१२ मध्ये ‘खंडुरी है जरूरी’ ही घोषणा गाजत असताना कोटद्वारला स्वतःच्याच जागेवर हरले. भाजप ३१ वर अडकला, काँग्रेसला ३२ मिळाल्या. अभियंता दलातला माणूस रस्ते बांधायला पक्का होता, पण पक्षातली गटबाजी हा वेगळाच चिखल असतो.

म्हणून कायद्याने कायमची बंदी मला पटत नाही. निवृत्त सैनिक हा पूर्ण नागरिक आहे. सेवेत असेपर्यंत राजकीय हालचालींवर सैन्य कायद्याने बंधनं आहेतच आणि ती कडक असावीत. अडचण आहे ती निवृत्तीनंतरच्या काळाची. वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभरात खाजगी कंपनीत नोकरी धरायची तर सरकारची परवानगी लागते. पक्षात जायला असा एक दिवसही थांबावं लागत नाही. अमेरिकेत संरक्षणमंत्री व्हायला निवृत्त अधिकाऱ्याला सात वर्षं (जनरल दर्जाच्याला आता दहा) थांबावं लागतं, नाहीतर तिथल्या काँग्रेसकडून खास सूट घ्यावी लागते, तशी मॅटिस आणि ऑस्टिन या निवृत्त जनरलांनी घेतली. जनरल व्ही. के. सिंग मे २०१२ अखेर लष्करप्रमुखपदावरून उतरले आणि मार्च २०१४ मध्ये भाजपमध्ये गेले, म्हणजे पावणेदोन वर्षं. गाझियाबादच्या मतदारांनी त्यांना साडेपाच लाखांहून जास्त मताधिक्य दिलं. इथे निदान मतदार तरी मध्ये होते.

माझी खरी काळजी निवडणुकीची नाहीच, नेमणुकीची आहे. राज्यपालपदाला मतदार नसतो, अधिवेशन नसतं, नऊ मतं कमी पडण्याची भीती नसते. ते देणं न देणं सरकारच्या मर्जीवर, आणि हे सेवेतल्या प्रत्येक वरिष्ठ अधिकाऱ्याला माहीत असतं. लेफ्टनंट जनरल जेकब १९७८ मध्ये निवृत्त झाले आणि गोव्याचे राज्यपाल झाले १९९८ मध्ये. वीस वर्षं गेली, तोवर त्यांच्याकडून कुठल्याही सरकारला परतफेड करून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. जनरल जे. जे. सिंग सप्टेंबर २००७ अखेर लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झाले आणि जानेवारी २००८ मध्ये अरुणाचलच्या राजभवनात होते. त्यांच्या कामाबद्दल मला काही म्हणायचं नाही. चीनच्या सीमेवरच्या राज्यात सैनिक राज्यपाल असण्याला कारणंही देता येतील. पण चार महिने! सेवेत असलेल्या पुढच्या प्रमुखाने सरकारला एखादी कडू गोष्ट सांगताना त्याच्या मनात राजभवन येऊ नये, एवढी काळजी तर घ्यायला हवी. थांबण्याचा नियम कुणी लिहायला बसलंच, तर त्याने उमेदवारी अर्जाआधी या नेमणुकांना हात घालावा, आणि मुदत निदान एका लोकसभेइतकी, पाच वर्षांची ठेवावी. नेमणारं सरकार बदलायला तेवढा वेळ लागतो.